मावळा कुणाचा?

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्या वर्गात एक वाद चांगलाच रंगला. विषय निवडणुकीचा नव्हता की क्रिकेटचा नव्हता. किल्ल्यावर ठेवायच्या मावळ्यांचा होता. ‘मावळा घ्यावा तर पुण्याच्या कुंभारवाड्यातला,’ असे एकाचे ठाम म्हणणे. दुसरा म्हणाला, ‘पुण्याचे नुसते नाव मोठे. नगरच्या बाजारात तसाच मावळा निम्म्या पैशांत मिळतो.’ तिसऱ्याने प्लास्टिकचा पक्ष घेतला. पडला तरी फुटत नाही, भिजला तरी रंग जात नाही, आणखी काय हवे? तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणी तरी ओरडले, ‘अरे, तुम्ही अजून बालवाडीत आहात काय?’ सगळे हसले. मी मात्र हसलो नाही. कारण माझ्या घरी माळ्यावर, बुटांच्या दोन खोक्यांत, कापसात गुंडाळून ठेवलेली ६३ चित्रे आहेत आणि तो वाद मी गेली दहा वर्षे एकटाच माझ्याशी घालीत आलो आहे.

कबुली दिलीच आहे तर हिशेबही देऊन टाकतो. ६३ पैकी २८ मावळे आमच्या गावच्या कुंभारमामांकडचे. १७ पुण्याचे, मावशीने दर दिवाळीला आणलेले. ९ नगरहून घेतलेले प्लास्टरचे. ५ प्लास्टिकचे. उरलेल्या चारांत एक आंध्रातल्या कोंडापल्लीचा अंबारीचा लाकडी हत्ती आहे आणि तीन शिशाचे शिपाई आहेत. हे शिपाई पुण्याच्या जुन्या बाजारात एका पथारीवर खिळे, कड्या-कोयंडे आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या ढिगाऱ्यात सापडले. त्यांतल्या एकाचे डोके तुटलेले होते. पूर्वीच्या कुणा मालकाने ते काडेपेटीच्या काडीवर बसवून दिले आहे.

आता तुलना. पुण्याचा मावळा अंगाने सडपातळ. अंगरख्याला सोनेरी काठ, मिशीला टोक, हातातली तलवार पत्र्याची आणि उगारलेली. तो खोक्यातून काढला की पोरे ‘वा!’ म्हणतात. मात्र ती तलवार पाडव्यापर्यंत टिकत नाही. आमच्या गावचा मावळा ठेंगणा. मान जवळजवळ नाहीच, डोके मोठे, दोन्ही पाय खालच्या बैठकीत रुतलेले, तलवार छातीला चिकटलेली. लहानपणी मला हे अडाणीपणाचे लक्षण वाटे. पुढे कळले की हा दोन फळ्यांच्या साच्याचा हिशेब आहे. माती साच्यात दाबून दोन्ही अर्धे जोडायचे, तर बाहेर काही लोंबकळून चालत नाही. शिवाय अंगाला चिकटलेली तलवार पोराच्या हातून पडली तरी मोडत नाही. नगरच्या प्लास्टरच्या नऊ जणांचा चेहरा एकच. साचा झिजत गेला तसे नाक-डोळे बुजत गेले आणि वरून फवाऱ्याने मारलेल्या रंगाने उरलेसुरले बुजवले. प्लास्टिकच्या पाचांबद्दल बोलण्यासारखे काही नाही. ते कुठे तयार झाले हेसुद्धा त्यांना बघून सांगता येत नाही.

पण या सर्वांत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे चकाकी. सगळे कसे लखलखीत! आणि याच चकाकीवर आमच्या इतिहासाच्या सरांचा आक्षेप आहे. सर एकदा म्हणाले, ‘खरा मावळा घोंगडी पांघरून दऱ्याखोऱ्यांतून फिरणारा गडी. त्याच्या अंगावर असले तांबडे-पिवळे रेशमी झगझगीत कपडे कुठून आले? तुमचा मावळा म्हणजे इतिहासाचा बहुरूपी आहे.’ सरांचा शब्द मी सहसा खाली पडू देत नाही. पण इथे मला त्यांच्याशी नम्रपणे वाद घालायचा आहे.

मातीच्या चित्राला रोगण चढवतात ते काही केवळ दिसण्यासाठी नव्हे. पूर्वी खडूचा हात देऊन, त्यावर डिंकात कालवलेले रंग लावीत. हे रंग दंवानेसुद्धा उतरतात आणि दिवाळीच्या पहाटे अंगणात दंव असतेच. वरून रोगणाचा हात दिला म्हणजे रंग टिकतो. तेव्हा चकाकी हे त्या मावळ्याचे चिलखत आहे! दुसरे असे की किल्ला पाहायचा असतो तो पणत्यांच्या उजेडात. मळकट, खऱ्यासारखा रंगवलेला शिपाई त्या उजेडात मातीत मिसळून जाईल. चकचकीत मावळ्याच्या पगडीवर मात्र पणतीचा ठिपका चमकतो आणि अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसालाही कळते की बुरुजावर पहारा आहे. तिसरे, आणि मला वाटते सर्वांत महत्त्वाचे: चकाकणारा शिपाई कुणाला फसवीत नाही. ‘मी खेळणे आहे,’ हे तो उघड सांगतो. खऱ्या लढाईची नक्कल करण्याचा आव आणणारी खेळणी मला जास्त खोटी वाटतात.

हा वाद एकट्या आपल्याकडचा नाही. शिशाच्या त्या तीन शिपायांमुळे मी थोडे वाचन केले तेव्हा समजले की चकचकीत चांगला की मंद रंगाचा चांगला, या प्रश्नावर परदेशातले संग्राहकही हमरीतुमरीवर येतात. जर्मनीत न्यूरेंबर्ग येथे कथलाचे चपटे शिपाई बनत. तेथील हाइनरिक्सन यांचा कारखाना १८३९ सालचा. पुढे १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या घरच्या उद्योगाने एक युक्ती काढली. साच्यात वितळलेले शिसे ओतायचे आणि साच्याला लागून पातळ पापुद्रा धरला की मधले शिसे पुन्हा बाहेर ओतून द्यायचे. शिपाई आतून पोकळ. शिसे कमी लागते, वजन कमी, किंमत कमी. माझ्या शिपायाचे डोके तुटले म्हणूनच मला ही पोकळी पाहता आली! ५४ मिलिमीटर उंचीचे, चकचकीत रंगाचे हे शिपाई इतके खपले की जर्मन मालाला हरवून बसले. त्यांत बेंगॉल लान्सर्स, बॉम्बे लान्सर्स अशा आपल्याकडच्या पलटणींचेही संच होते. म्हणजे आपली माणसे साहेबाच्या पोरांच्या गालिच्यावर आधीच कवायत करीत होती. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली अशा शिपायांच्या लढाया कशा खेळाव्यात यावर ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तकच लिहिले. दुसऱ्याच वर्षी खरे महायुद्ध सुरू झाले. १९६६ च्या सुमारास शिशाच्या विषारीपणामुळे इंग्लंडात ही घडण बंद झाली आणि प्लास्टिक आले. असो.

हे सर्व वाचताना एक गोष्ट मात्र मला खटकत राहिली. ब्रिटनचे नाव सगळीकडे आहे. कारखाना, साल, संचाचा क्रमांक, खोक्याच्या झाकणावरचे चित्र, सगळ्याची नोंद आहे. पण त्या शिपायांचे डोळे आणि मिशा कुणी रंगवल्या? रंगकाम पुष्कळसे स्त्रिया करीत, एवढेच कळते. पुढे नावे नाहीत. मनात आले, साहेबाच्या घरीसुद्धा असेच का?

आणि मग एकदम ध्यानात आले की मी तरी काय केले आहे? माझ्या खोक्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: ‘पुणे’, ‘नगर’, ‘कोल्हार’. गावांची नावे! मावळा काय गाव घडवते? वर्गातल्या त्या वादातही आम्ही पुण्याला नगराशी झुंजवीत होतो. माणसाचे नाव एकाच्याही तोंडी आले नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन कुंभारमामांकडे गेलो. गेली काही वर्षे त्यांनी मावळे करणे सोडले आहे. उन्हाळ्यात माठ, संक्रांतीला सुगडी, दिवाळीला पणत्या, एवढेच. मामा ओट्यावर बसले होते. मी २८ मावळ्यांतले दहा-बारा बरोबर नेले होते, ते समोर मांडले. मामांनी एकेक उचलून पाहिला. माती कुठली, लीद किती घालायची, सावलीत किती दिवस वाळवायचे, आव्यात कुठल्या थरात ठेवायचे, सगळे त्यांनी सांगितले. मग मी माझा जुना प्रश्न विचारला. आमच्या गावच्या प्रत्येक मावळ्याची नजर किंचित डावीकडे वळलेली आहे. समोर कधीच नाही. लहानपणापासून मी त्याचा अर्थ लावला होता की पहारेकरी आहे, तो वाटेवर नजर ठेवून आहे. माझ्या मते ही आमच्या मामांची खास कला होती आणि तुलनेत मी तिला पुण्याच्या सोनेरी काठापेक्षा नेहमी दोन गुण जास्त देत आलो होतो.

मामा हसले आणि आत वळून म्हणाले, ‘ऐकलं का गं? ह्यो तुझ्या डोळ्यांचं इचारतोय.’

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. डोळे, मिश्या, पगडीवरची रेघ, सगळा रंग त्यांचा. मामा साचा दाबीत आणि भाजीत. रंगाच्या वाट्या मामींच्या पुढ्यात असत. ‘आरं, मी डावरी,’ त्या म्हणाल्या. ‘कुंचला डाव्या हातात. ठिपका सरकतो मग. सासूबाई लई बोलायच्या, मावळं चकणं झालं म्हणून.’

दहा वर्षे मी ज्या हाताचे कौतुक करीत होतो तो हात मला माहीतच नव्हता. आणि ज्याला मी पहाऱ्याची नजर समजत होतो त्याबद्दल त्या बाईने सासूची बोलणी खाल्ली होती.

दुसरी एक गोष्ट मला त्या ओट्यावर आठवली आणि मान खाली गेली. सातवीत असताना मावशीने आणलेला पुण्याचा पहिला मावळा घेऊन मी धावत याच ओट्यावर आलो होतो. ‘मामा, असे करा ना! तुमचे किती जाडे असतात!’ असे म्हणालो होतो. मामांनी तो मावळा उलटसुलट करून पाहिला, ‘झ्याक हाय’ म्हणाले आणि परत दिला. मामी तेव्हा आत रंगवीत बसलेल्या असणार. त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या आणि मावळे बंद. मी हे आता विचारले तेव्हा मामी म्हणाल्या, ‘तुझ्यापायी नाही रे बाबा. प्लास्टरचं स्वस्त आलं, माती मिळंना, जळण मिळंना, पोरं कामाला लागली.’ कारणे खरी आहेत, सगळी खरी आहेत. पण ती मोजून झाल्यावर त्यांच्या शेवटी माझे ते वाक्य मी स्वतःच जोडून ठेवले आहे.

मित्रहो, म्हणून माझे म्हणणे असे. मावळे जमवा, त्यांची तुलना करा, पुण्या-नगरावरून हवे तेवढे भांडा. पण घडवणाऱ्याचे नाव विचारल्याशिवाय मावळा घरी आणू नका. नाव विचारायला पैसे पडत नाहीत. दुकानदार सांगू शकला नाही तर तेही लिहून ठेवा. ‘नाव कळले नाही’ ही नोंदसुद्धा नोंदच असते.

कुणी म्हणेल, एवढ्याशा मातीच्या चित्राला कसले आले नाव? त्यांना मी रायगडावर घेऊन जाईन. तिथे जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. राजधानीचा गड उभारणाऱ्याला आपले नाव असावे असे वाटले आणि ते राहिले. तेही पायरीवर, लोकांच्या पायांखाली. त्या रायगडासह ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून १२ किल्ले २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. सर्वांना अभिमान वाटला, मलाही वाटला. पण आपल्यापैकी किती जणांची त्या किल्ल्यांशी पहिली ओळख अंगणातल्या दगडमातीच्या किल्ल्यावर झाली, हे आठवून पाहा. पोत्यावर चिखल लिंपायचा, हळीव पेरायचे, गुहेत वाघ बसवायचा, वरती सिंहासनावर महाराज. खाली दळणारी बाई, गवळण, भाजीवाली, नांगर धरलेला शेतकरी. इतिहासाचे पुस्तक हाती येण्याआधी आपल्याला राज्य म्हणजे काय हे या चित्रांनी सांगितले. त्यात लढणारे होते, तसे दळणारेही होते.

आणि फार लांब कशाला? आमच्या प्रवरेच्याच काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचे खोड खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. हत्ती, गेंडा, रेडा यांनाही चाकांवर ओढायची सोय. चारही मिळून वजन ६० किलोहून अधिक, तेव्हा पोरांचे खेळणे नव्हे हे उघड आहे. पण चाकावर चित्र चढवून ते ओढण्याची हौस या नदीकाठी हजारो वर्षांपूर्वीची आहे एवढे खरे. ज्याला ते सापडले त्याचे नाव आपल्याजवळ आहे. ज्याने ते ओतले त्याचे नाव काळाने नेले. तिथे आपला इलाज नाही. पण आपल्याच गल्लीत, हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाचे नाव काळ नेत नाही. ते आपणच घालवतो.

आमच्या सरांचा आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला जास्त अवघड वाटतो. ते म्हणतात, ‘मातीचा मावळा दिवाळीनंतर मातीत जायचा. पुढच्या वर्षी नवा घ्यायचा. म्हणून तर कुंभाराचे पोट भरते. तू ते कापसात गुंडाळून ठेवतोस म्हणजे खेळही मारतोस आणि धंदाही.’ यात तथ्य आहे. पण दक्षिणेत नवरात्रात बाहुल्या मांडतात, त्यांच्याकडे पाहावे. तमिळ घरांत गोलू, कर्नाटकात बोंबे हब्बा. पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या मांडतात. आजीच्या बाहुल्या आई जपते, आईच्या मुलगी, आणि तरीही दर वर्षी एखादी नवी आणण्याची रीत आहे. जुने जपणे आणि नवे घेणे या दोन्ही गोष्टी तिथे एकाच पायरीवर नांदतात. आपणही तसे करावे. दोन मावळे घ्यावेत. एक किल्ल्यावर उभा करावा, पावसात विरघळला तर विरघळू द्यावा. दुसरा फळीवर ठेवावा, खाली घडवणाऱ्याचे आणि रंगवणाऱ्याचे नाव लिहावे.

आपल्या महाविद्यालयापुरत्या माझ्या दोनच मागण्या आहेत. पहिली अशी की किल्ला स्पर्धेच्या गुणांत थोडे गुण यासाठी ठेवावेत: किल्ल्याशेजारी एक पुठ्ठा लावून त्यावर प्रत्येक चित्र कुणी घडवले, कुणी रंगवले, कुठल्या गावी, हे लिहिलेले असावे. ते लिहायचे म्हणजे विद्यार्थ्याला कुंभाराच्या दारी जावेच लागेल. दुसरी अशी की इतिहास विभागातल्या काचेच्या कपाटाचा एक कप्पा राहुरी, लोणी, बेलापूर, कोल्हार या आपल्या टापूतल्या मातीच्या चित्रांसाठी मोकळा करावा. पहिले २८ मावळे मी देतो. प्लास्टरचे नऊही देतो. तेही कुणी तरी रंगवलेच आहेत. त्यांचीही चौकशी करू.

निघताना मी मामींना विचारले, ‘तुमचे नाव मासिकात छापू का?’ मामींनी जीभ चावली. म्हणाल्या, ‘नको रे बाबा. गावात मला नावानं कोण वळखतं? कुंभारमामी म्हणत्यात, तेच छाप.’ त्यांचा शब्द मोडून इथे नाव छापणे मला बरे वाटत नाही. पण घरी आल्यावर ‘कोल्हार’ लिहिलेली ती जुनी चिठ्ठी मी खोक्यावरून खरवडून काढली आणि तिच्या जागी दोघांची नावे लिहिली, आधी मामींचे. ते कपाट मिळाले तर ती चिठ्ठी आत लावण्याची परवानगी मात्र मी त्यांच्याकडून मिळवली आहे. अट एकच आहे. ‘चकणं झालंय असं म्हणायचं न्हाई कुणी.’

येत्या दिवाळीसाठी मामी पाच मावळे रंगवणार आहेत. साचा मामांनी माळ्यावरून खाली काढला आहे. मी पाचांची आगाऊ मागणी नोंदवली होती, त्यावर मामी म्हणाल्या, ‘तुला दोनच. बाकीची दुसऱ्या पोरांना.’ ज्यांना हवे असतील त्यांनी सुट्टी लागण्यापूर्वी ओट्यावर जाऊन स्वतः विचारावे. मी घर दाखवीन. नाव मात्र तुमचे तुम्ही विचारा.